फीनिक्सला गाडीत कोण बसणार

लायलला नूडल्स वाढता येत नव्हत्या. डाव पातेल्यात खोल घालायचा, वर येईपर्यंत अर्ध्या पुन्हा पातेल्यात पडायच्या, थोड्या टेबलावर सांडायच्या आणि उरलेल्या ताटात कुस्करलेल्या बटाट्यांच्या शेजारी जाऊन बसायच्या. वेडलांच्या घरात कोंबडीच्या नूडल्स बटाट्यांच्या वर पडायला लागतात, शेजारी नाही. मॅक्सिनने लेकाला हे दोनतीनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला. मोसमातली शेवटची शर्यत बाकी असतानाच मोटारींच्या शर्यतींचं देशाचं अजिंक्यपद खिशात घालून आलेला तिचा मुलगा तिचाच फुलाफुलांचा एप्रन बांधून वाढत होता, आणि या घरात लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच आयती बसून जेवत होती. बटाटे कुठे आणि नूडल्स कुठे, यावरून आजचा दिवस घालवायची तिची इच्छा नव्हती.

रीत मॅक्सिनच्या नवऱ्याच्या, हॉलिसच्या वडिलांनी घातलेली. घरात कुणी अजिंक्यपद आणलं की त्यानं रविवारी चर्चहून आल्यावर सगळ्यांना वाढायचं, मागाहून भांडी घासायची, आणि जेवताना बसलेल्या प्रत्येकानं त्याची वर्षभरातली एकेक चूक सांगायची. कौतुकाचा शब्द कुणी काढायचा नाही. माणसाचं डोकं हेल्मेटात मावलं पाहिजे, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. त्याच्यानंतर ही रीत वापरायची वेळच आली नव्हती. हॉलिसने स्वतः उमेदीची वर्षं गाडी पळवण्यात घालवली, नंतरची दुसऱ्यांसाठी गाड्या बांधण्यात घालवली, पण लोकांच्या चुका मोजत टेबलाच्या टोकाला बसण्याचा मान त्याला आज मिळाला होता. त्यासाठी त्याने टेबल घरात न मांडता मागच्या वर्कशॉपमध्ये, गाडीच्या शेजारी मांडायला लावलं होतं. गाडी धुऊनपुसून उभी होती आणि तिच्याही ताटात वाढायचं की काय, असं लायलने एकदा विचारून घेतलं होतं.

पहिली पाळी रॉयसची. रॉयस मॅक्सिनचा भाऊ, हॉलिसच्या हाताखाली वीस वर्षं मेकॅनिक, आणि ‘हाताखाली’ हा शब्द त्याच्यासमोर कुणी वापरत नसे. त्याने मे महिना काढला. इंडियानापोलिसला लायल सगळ्यांच्या पुढे असताना टायर बदलायला आत आला तो आपली जागा ओलांडून थेट शेजारच्या संघापुढे जाऊन थांबला. ते लोक बिचारे त्याच्या गाडीत पेट्रोल भरायला धावले होते. तेवढ्यात ती शर्यत गेली आणि जिंकणाऱ्याला मिळणारी दुधाची बाटलीही गेली.

“ते दूध मी अजून विसरलेलो नाही,” हॉलिस म्हणाला.

“तुम्ही दूध पीतच नाही, बाबा.”

“म्हणून काय झालं.”

लायलची बायको जोलीन हिने टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याच्या दातात अडकलेल्या पालेभाजीची गोष्ट सांगितली. मॅक्सिनने सांगितलं की मिलवॉकीला जिंकल्यावर त्याने आईला म्हणून जो हात केला, तो भलत्याच स्टँडमधल्या एका बाईला केला, आणि ती बाई अजून पत्रं पाठवते. हॉलिसने फक्त “ट्रेंटन” एवढंच म्हटलं. ट्रेंटनच्या शर्यतीत तिसऱ्या वळणाला लायलने गॅसवरचा पाय उचलला होता.

“जिंकलो ना पण.”

“पाय उचलून जिंकलास,” हॉलिस म्हणाला आणि त्याने आणखी नूडल्स मागितल्या. मॅक्सिनला नवऱ्याचा चेहरा चांगला वाचता येत होता. तो इतका खूश होता की त्याला राग आल्याचं सोंग नीट वठवता येत नव्हतं.

आर्डिथ मात्र ताटातल्या नूडल्स नुसत्या इकडून तिकडे सारत होती. लायलहून आठ वर्षांनी लहान असलेली ही बहीण वसंतापासून प्रत्येक शर्यतीच्या आधी रिकाम्या मैदानावर ही गाडी चालवून बघायची आणि कुठे काय हलतंय ते येऊन सांगायची. लायल त्या वेळी जाहिरातवाल्यांसाठी फोटो काढून घेत असायचा. शनिवारी ती कोकोमोला मातीच्या मैदानात छोट्या गाड्या पळवायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. मोठ्या गाडीने शर्यतीत उतरायचं लायसन्स तिला ऑगस्टमध्ये मिळालं होतं. पण घरात गाडी एकच. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या शर्यतीपासून लायलला एकेक गुण मिळवावा लागणार, मग तिला कोण जागा देणार? फीनिक्सची शेवटची शर्यत मात्र अशी होती की लायल तिथे गेला काय आणि न गेला काय, अजिंक्यपद त्याचंच. तिथे गाडी आर्डिथने चालवावी, हे पहिल्यांदा लायललाच सुचलं. गुरुवारी त्याने स्वतः शर्यत भरवणाऱ्यांना फोन करून गाडीवर तिचं नाव घातलं आणि म्हणाला, बाबांना मी सांगतो.

आज रविवार होता. सकाळी चर्चच्या वाटेवर तो सांगणार होता, तेव्हा त्याला हवामानाबद्दल बोलावंसं वाटलं. जेवणाआधी सांगणार होता, तेव्हा त्याला एप्रनची गाठ जमेना. भिंतीपासून दोन बोटांवरून गाडी नेणारा आपला भाऊ नूडल्सच्या पातेल्याआड लपतोय, हे आर्डिथला दिसत होतं. हसू येत होतं आणि रडूही.

तेवढ्यात हॉलिसने पेला वाजवला. अजून आर्डीने चूक सांगायची राहिलीय, तोवर मी एक सांगून घेतो, म्हणाला. दहा शर्यती जिंकल्यात. फीनिक्स जिंकलं की अकरा. एका मोसमात अकरा आपल्याकडे अजून कुणाच्या नावावर नाहीत. वरच्या भिंतीवर म्हाताऱ्याच्या फोटोखाली त्याच्या पाटीसाठी जागा कधीची मोकळी ठेवलीय.

“अकरा झाल्याच पाहिजेत,” जोलीन लगेच म्हणाली. “हॉलिस, त्या जागेचं माप मी घेऊनसुद्धा ठेवलंय.”

सासऱ्याने सुनेकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की रॉयसने मान खाली घातली. लायल डाव हातात धरून उभाच होता. आर्डिथला कळलं की आता हा काही बोलत नाही.

“माझी पाळी आहे ना,” ती म्हणाली. “लायलची चूक अशी, की तो गुरुवारी एक फोन करतो आणि रविवार उलटत आला तरी बापाला सांगत नाही.”

“कसला फोन?”

लायलने डाव पातेल्यात ठेवला. “बाबा, फीनिक्सला गाडीवर माझं नाव नाहीये. आर्डीचं घातलंय.”

सगळ्यांनी आधी मॅक्सिनकडे पाहिलं. घरात एक पोर त्या गाडीत बसतं तेवढं पुरे, हे वाक्य तिने आजवर इतक्यांदा म्हटलं होतं की भांडण तिच्याकडूनच सुरू होणार, अशी सगळ्यांची खात्री. मॅक्सिनने पर्सिमन फळाच्या पुडिंगचा आणखी एक तुकडा तोंडात घातला आणि नवऱ्याकडे पाहत राहिली.

“नाही,” हॉलिस म्हणाला.

लायलने आपली बाजू मांडली. बायका शर्यतीत उतरायला लागल्यात, त्यामुळे ते कारण आता चालायचं नाही. आर्डी गाडी ओळखते. आपलं काही जात नाही. हॉलिसने प्रत्येक मुद्द्याला ‘नाही’ म्हटलं, आणि मुद्दे संपल्यावरही एकदा म्हटलं. जोलीनने अकरा शर्यतींची पुन्हा आठवण दिली. लायल तिला म्हणाला की गाडीत मी बसतो, तू नाही. मग त्या दोघांची आपसात जुंपली आणि हॉलिस खुर्ची मागे सारून उठला.

“फोटो काढून घेऊ. उजेड जायच्या आत. गाडी बाहेर घ्या.”

बोलणं संपवायची ही त्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. गाडी ढकलत बाहेर न्यायची असली की स्टिअरिंगवर हॉलिसच बसायचा, दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. गाडीला दार नाही की छप्पर नाही, त्यामुळे तो कोट काढून, चर्चचे जाड तळाचे काळे बूट पायात तसेच ठेवून, नेहमीसारखा वरून सीटवर उभा राहिला, दोन्ही हात कडांना लावले आणि पाय आत सोडून धपकन खाली बसला.

“मामा,” लायल हळूच म्हणाला, “पेडलं?”

रॉयसचा चेहरा पडला. बाबांशी बोलणं झालंय असं लायलने त्याला शुक्रवारीच सांगितलं होतं. त्यामुळे काल त्याने निवांतपणे पेडलं आर्डिथच्या पायांच्या मापाने चार बोटं जवळ ओढून घट्ट केली होती.

आत हॉलिसचे गुडघे डॅशबोर्डच्या खालच्या नळीखाली जाऊन अडकले. तो मागे सरकायला गेला तर खांदे सीटला टेकलेले, पुढे सरकायला गेला तर डाव्या बुटाचा तळ दोन पेडलांच्या मधे. त्याने पाय ओढला. पाय आला नाही. अख्ख्या आयुष्यात ज्या गाड्यांनी त्याला दगा दिला होता त्या निदान चालू तरी होत्या.

“पेडलं कुणी हलवली?”

“मी,” रॉयस म्हणाला. “मला वाटलं तुला माहीत आहे.”

“माझ्या गाडीची पेडलं हलली आणि मला माहीत आहे असं तुला वाटलं?”

“आपल्या दोघांच्या गाडीची,” रॉयस म्हणाला, कारण वीस वर्षं त्याच्या मनात होतं ते असंच भलत्या वेळी बाहेर पडायचं होतं.

लायलने स्टिअरिंग उपसून काढलं. तरी गुडघे निघेनात. रॉयसने काखेत हात घालून वर ओढलं तेव्हा हॉलिसने असा आवाज काढला की जोलीनने तोंडावर हात धरला. ती रडतेय असं लायलला वाटलं. जवळ जाऊन पाहतो तर ती हसून हसून लाल झाली होती.

“गाडीच्या नाकाडाचं झाकण उघडून खालून बूट काढावा लागेल,” रॉयस म्हणाला. “आर्डीचाच हात जाईल तिथे.”

“थांबा जरा,” मॅक्सिन म्हणाली.

ती आपली खुर्ची उचलून गाडीपाशी घेऊन आली, नवऱ्याच्या बरोबर समोर ठेवली आणि बसली. हॉलिसला आता तिच्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. या बाईशी आपण गेली कित्येक वर्षं उभ्यानेच बोलतोय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. बोलता बोलता दार गाठायची सोय असायची.

“लायल पहिल्यांदा निघाला तेव्हा मी तीन दिवस रडत होते,” ती म्हणाली. “तू स्वयंपाकघरात आलास आणि म्हणालास, मॅक्सिन, पोरगा जाणार आहे. तू भांडत बस, नाहीतर सँडविच करून दे. आठवतं?”

“आठवतं.”

“मी सँडविच केली. बारा वर्षं करतेय. आता पोरगी जाणार आहे, हॉलिस. तू भांडत बस, नाहीतर सँडविच करून दे.”

आर्डिथला आईकडे बघवेना. आपण वर्षभर या बाईला टाळत होतो, गाडी चालवून आलं की ऑइल लागलेले कपडे मागच्या दाराने लपवून आणत होतो. आई सगळं जाणून होती आणि कपडे धुऊन घडी घालून ठेवत होती.

“तू तर नको म्हणायचीस,” हॉलिस म्हणाला.

“अजूनही नकोच म्हणते. पण तिला न्यायचं नाही असं म्हणत नाही. तू का म्हणतोस ते सांग. अकराव्या शर्यतीचं सांगू नकोस.”

हॉलिसने दोन्ही हात गाडीच्या कडांवर ठेवले. आतापर्यंत तो बसल्या जागीही मालकासारखा बसला होता. आता त्याचे खांदे खाली आले.

“लायल सुटतो तेव्हा मी गाडीकडे बघतो,” तो म्हणाला. “इंजिनाचा आवाज कसाय, मागचा टायर किती झिजलाय, सगळं दिसतं मला. लायल आत आहे हे शर्यत संपल्यावर आठवतं. हिला बघायला मी जूनमध्ये कोकोमोला गेलो होतो. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. हिची गाडी कुठली, रंग कसला, मागून धूर येतोय का, मला काही म्हणजे काही दिसलं नाही. नुसती हीच दिसत होती. ज्याला गाडीच दिसत नाही तो माणूस तिथे उभा राहून काय कामाचा? उद्या काही सैल झालं आणि मला दिसलंच नाही तर?”

एवढं सलग बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. आर्डिथ गाडीच्या नाकाडापाशी उभी होती. बापाला आपण आवडत नाही असं तिला कधी वाटलं नव्हतं, पण तो कोकोमोला येऊन कुंपणापाशी उभा राहिला असेल, हेही तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मधे गाडी होती.

जोलीनचं मन भलतीकडेच पोचलं होतं. दोन वर्षं ती शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेत नव्हती. स्टँडमध्ये आजूबाजूला लोक तळलेल्या मांसाची सँडविच खात बसायचे आणि तिला वासानेच मळमळायचं. फीनिक्सला लायल तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असेल, हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. त्याच्या शर्टाला हात लावता येईल.

“हॉलिस,” ती म्हणाली, “भिंतीवर दहा पण चांगल्या दिसतील.”

“तू पण?”

“मला एकदा शर्यत बघता बघता जेवायचंय.” हे म्हणताना तिचा आवाज कापला, आणि लायलने एप्रनला हात पुसून तिला जवळ घेतलं.

आता हॉलिसच्या बाजूला कुणी उरलं नव्हतं. त्याने सवयीने रॉयसकडे पाहिलं. या दोघांचं वीस वर्षांत एका बोल्टावरही एकमत झालेलं नव्हतं. कुठला टायर, किती हवा, कधी आत बोलवायचं, प्रत्येक शर्यतीत शेवटचा शब्द हॉलिसचा आणि त्यानंतरची कुरकुर रॉयसची, अशी वाटणी ठरून गेली होती.

“तू तिच्याकडे बघ,” रॉयस म्हणाला. “गाडीकडे मी बघतो.”

“शेवटचा शब्द?”

“माझा. त्या एका दिवसापुरता.”

हॉलिस गाडीच्या कडांवरून बोटं फिरवत राहिला. त्याच्यासाठी ही मागणी किती मोठी होती ते मॅक्सिनला कळत होतं. भावाला काय हवं होतं तेही कळत होतं.

“टायरची हवा जास्त ठेवू नकोस,” हॉलिस शेवटी म्हणाला.

“मला वाटेल तेवढी ठेवीन.”

“बरं,” हॉलिस म्हणाला. “आता मला कुणीतरी बाहेर काढा.”

आर्डिथ जमिनीवर पाठ टेकून आडवी झाली. नाकाडाचं झाकण काढून तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. बुटाची नाडी हाताला लागली. बापाने दुहेरी गाठ मारली होती. तिने नखाने ती सोडवली, बूट पायातून सैल केला आणि आतला मोजा धरून टाच हळूच मागे ढकलली. गुदगुल्या होतायत, असं वरून ऐकू आलं. मग दुसरा बूट. मग लायल आणि रॉयसने दोन्हीकडून धरलं आणि हॉलिस वेडल मोज्यांवर, पॅन्ट गुडघ्यात फाटलेली, आपल्या वर्कशॉपच्या फरशीवर उभा राहिला. बूट आतच राहिले. ते आर्डिथने पुन्हा हात घालून बाहेर काढले.

“बस,” हॉलिस आर्डिथला म्हणाला.

ती बसली. पाय सरळ पेडलांवर गेले, गुडघ्यांना कुठे काही लागलं नाही. लायलने स्टिअरिंग बसवून दिलं आणि तो बाजूला झाला. ड्रायव्हरचे पट्टे हॉलिस स्वतः आवळायचा, ते काम त्याने कधी दुसऱ्याला दिलं नव्हतं. आता तो गाडीशी आला खरा, पण नुसताच उभा राहिला. लायलने एक पाऊल पुढे टाकलं. मॅक्सिनने त्याच्या एप्रनची नाडी मागून धरून ठेवली.

मग हॉलिस वाकला. आधी खांद्यांवरचे दोन पट्टे घेतले, मग कमरेचे, मधल्या कडीत अडकवले आणि सगळी ताकद लावून ओढले.

“टोचतंय?”

“हो, बाबा.”

“टोचू दे,” तो म्हणाला, आणि त्याने आणखी एकदा ओढलं. मग पट्ट्यांवरचा हात न काढता तो तिच्याकडे बघत राहिला. गाडीकडे रॉयस बघत होता.